लाहोरचा सूर, ब्रुकलिनचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, आधी माझा गुन्हा कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

आमची धाकटी लेक बॉस्टनजवळ राहते. नात झाली तेव्हा मी सहा महिने तिकडे होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाचं न्हाऊमाखू, सगळं यथासांग केलं. परत आले आणि फोनवरची आजी झाले. एके दिवशी लेक म्हणाली, "आई, ही कशी झोपते ते ऐक आता." आणि तिने आमचा पाळणा म्हणायला सुरुवात केली. माझ्या सासूबाईंचा पाळणा. त्यांच्या तोंडून मी उचलला, माझ्या तोंडून लेकीने. पण मागे जावई गिटार वाजवत होते आणि चाल पार निराळीच! जिथे आपण झोका देतो तिथे ही थांबायची, आणि जिथे थांबायचं तिथे केव्हाच पुढे गेलेली असायची. मग काय, "अगं, चाल अशी नाही!" म्हणून मी तिथल्या तिथे दुरुस्त करायला घेतलं. एकदा नाही, तीनदा. चौथ्या वेळी तिने पाळणा म्हटलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही. बर्फ किती पडला, पोळ्या का वातड होतात, सगळं बोलणं व्हायचं. पाळणा तेवढा बंद झाला.

महिन्या-दीड महिन्याने तिने मोबाइलवर एक गाणं पाठवलं. खाली एवढंच लिहिलं होतं : "काही बोलू नकोस. नुसतं ऐक."

गाण्याचं नाव 'मोहब्बत'. गाणारीचं नाव अरूज आफताब.

ज्यांच्या घरी ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर होता आणि यजमानांना गझलेचं वेड होतं, त्यांना ही गझल वेगळी सांगायला नको. शब्द हफीज होशियारपुरींचे आणि गळा मेहदी हसन यांचा. माझ्यामागेही जगाचं प्रेम करणं चालूच राहील, मी तेवढा नसेन, असा तिचा भाव. आमच्याकडे ती कॅसेट इतकी वाजली की फीत बाहेर यायची आणि आमचे हे पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचे. हे गेल्यापासून ती मी लावलेली नाही. लावायला टेपरेकॉर्डर तरी कुठे उरलाय म्हणा.

तर ते नवं 'मोहब्बत' मी लावलं. हार्मोनियम नाही. तबल्याचा ठेका नाही. गिटारच्या तारांवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा फिरते आहे, आणि बऱ्याच वेळाने एक खालच्या पट्टीतला बाईचा आवाज येतो, तोही घाई नसल्यासारखा. अर्ध्या-पाऊण मिनिटात मी बंद केलं. मनात म्हटलं, इथेही चाल अशी नाही!

पुढे एका रात्री आमच्या भागातली वीज गेली. पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद, वरच्या मजल्यावरचा मिक्सर बंद. मेणबत्तीच्या उजेडात मेथी निवडत बसले होते. सोबत हवी म्हणून मोबाइल घेतला आणि तेच गाणं लावलं. साडेसात मिनिटांचं आहे ते. मेथी तशीच राहिली, एवढंच सांगते. त्यानंतर मी या मुलीची माहिती जमवायला लागले, आणि जमलेली माहिती पोटात ठेवणं मला जमत नाही हे तुम्ही जाणताच.

अरूज म्हणजे वर चढणं, उत्कर्ष. आफताब म्हणजे सूर्य. असं चढत्या उन्हाचं नाव घेतलेल्या या मुलीचा जन्म १९८५ सालचा, सौदी अरेबियातला. आईवडील पाकिस्तानी, पोटापाण्यासाठी तिकडे गेलेले. दहा-अकरा वर्षांची असताना कुटुंब लाहोरला परतलं. म्हणजे बघा, ज्याला आपण 'आपला गाव' म्हणतो, तोसुद्धा तिला अर्धं बालपण संपल्यावर मिळाला. पण सौदीतल्या घरात गाणं होतं. आईवडील आणि त्यांचे स्नेही जमून कव्वाल्या, गझला ऐकत, त्यावर बोलत बसत. परमुलखात राहणारी माणसं आपल्या गाण्याला जरा जास्तच घट्ट धरतात. इथे असताना गणपतीत आरतीला उशिरा येणारे आमचे मेहुणे दुबईला गेल्यावर सबंध अथर्वशीर्ष पाठ म्हणायला लागले, त्यातलाच हा प्रकार.

लाहोरात ती स्वतःची स्वतः गिटार शिकली. ऐकायची कोणाला? बेगम अख्तर, अमेरिकेतल्या जॅझ गायिका बिली हॉलिडे, पॉप गाणारी मरायाह कॅरी, आणि आपले हरिप्रसाद चौरसिया! एका मुलीच्या कानात ही चार माणसं शेजारी शेजारी बसलेली. मला यातली बेगम अख्तर आणि बिली हॉलिडे यांची जोडी फार बोलकी वाटते. एक लखनौची, एक न्यूयॉर्कची. दोघींच्या आयुष्यात सुख बेताचंच, आणि दोघींचा आवाज जिथे जरासा तडकतो तिथेच ऐकणारा घायाळ होतो. अरूजने लहान वयात या दोघींना एकाच घरातल्या मावश्या मानलं असावं. पुढे तिने जे केलं त्याचं बी मला इथे दिसतं.

पुढची हकीगत अशी. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, यूट्यूब यायच्या आधी, तिने लेनर्ड कोहेन यांचं 'हॅलेलुया' हे गाणं आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं. इंटरनेटवरून ते पाकिस्तानात हातोहात पसरलं. कोण ही मुलगी, असं लोक विचारू लागले. आणि २००५च्या सुमारास ही मुलगी बॉस्टनच्या बर्कली या नावाजलेल्या संगीत महाविद्यालयात जाऊन दाखल झाली.

विशीतली मुलगी, शिकायला परदेशी, आणि शिकायचं काय तर गाणं! आपल्याकडेही मुलगी संगणक शिकायला निघाली तर पेढे वाटतात, आणि गाणं म्हटलं की "बरं, पण पुढे काय करणार?" असं विचारतात. अरूजने तिथे नुसतं गाणं घेतलं नाही. ध्वनिमुद्रणाचं, गाण्याची निर्मिती करण्याचं तंत्रही शिकून घेतलं. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. स्वयंपाक येणाऱ्या बाईला शेगडीची दुरुस्तीही येत असेल तर तिला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आजही तिच्या गाण्यात कुठला आवाज किती जवळ ठेवायचा, कुठे नुसती शांतता सोडायची, हे ती स्वतः ठरवते.

शिक्षण संपल्यावर ती न्यूयॉर्कला आली आणि ब्रुकलिन भागात बिऱ्हाड केलं. पुढची कितीतरी वर्षं ध्वनिसंकलनाच्या नोकऱ्या, आणि उरल्या वेळात स्वतःचं गाणं. नोकरी सांभाळून भिशी, शिवण, भजनी मंडळ करणाऱ्या तुम्हा-आम्हाला त्या उरल्या वेळाची किंमत कोणी सांगायला नको.

त्या काळातली एक गोष्ट तिने अनेकदा सांगितली आहे. २०१०च्या आसपास न्यूयॉर्कला सूफी संगीताचा महोत्सव झाला. त्यात आबिदा परवीन गायला आल्या होत्या. ही थेट त्यांच्या हॉटेलच्या खोलीवर जाऊन धडकली! आबिदाजींनी हाकलून दिलं नाही. आत घेतलं, पेटी काढली, आणि दोघी गायल्या. मग हिने विचारलं, की मी आता काय करू? सल्ला काय मिळाला असेल? रियाज कर, गुरू कर, देशात परत जा? छे. आबिदाजींनी सांगितलं, माझ्या ध्वनिमुद्रिका ऐक. बस्स. मला आधी हे उत्तर जरा तुसडं वाटलं होतं. आता वाटतं, याहून मोठा विश्वास कोणता? कान उघडे ठेव, बाकीचं तुझं तू बघशील!

आता ब्रुकलिनबद्दल सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. नव्या गावाचं संगीत म्हटलं की आपल्याला वाटतं, गावाचं म्हणून एक ठरलेलं गाणं असणार. कोल्हापूरची लावणी म्हणतो तसं. ब्रुकलिनचं तसं नाही. तिथला जॅझ खरा, पण वाजवणारे अर्धेअधिक बिऱ्हाडकरू. 'व्हल्चर प्रिन्स' ही अरूजची २०२१ सालची ध्वनिमुद्रिका घ्या. हार्प वाजवणारी मेव्ह गिलक्रिस्ट मूळची स्कॉटलंडची, एडिंबरोची. हार्प म्हणजे ते उंच वाकड्या चौकटीचं तारांचं वाद्य, परदेशी चित्रांत देवदूतांच्या हाती दिसतं ना, ते. मोठं बास वाद्य वाजवणारे पेट्रोस क्लाम्पानिस ग्रीसचे. फ्लुगलहॉर्न नावाची मऊ आवाजाची तुतारी फुंकणारी नादिया नोर्डहाउस ऑस्ट्रेलियाची. एका गाण्यात गिटारला ब्राझीलच्या बादी असाद. सगळ्यांनी आपापल्या घरचं काहीतरी गाठोड्यात बांधून आणलेलं.

आणि 'मोहब्बत'मध्ये जी गिटार पुन्हा पुन्हा फिरते म्हटलं, ती वाजवणाऱ्याचं नाव ग्यान रायली. ग्यान म्हणजे आपलं 'ज्ञान'! गोऱ्या अमेरिकन माणसाचं हे नाव कसं, म्हणून मी खोलात गेले. त्यांचे वडील टेरी रायली हे मोठे संगीतकार, आणि ते शिष्य होते पंडित प्राणनाथ यांचे. प्राणनाथजी किराणा घराण्याचे, जन्म लाहोरचा, १९१८चा. पुढे सत्तरच्या दशकात ते अमेरिकेतच राहिले. त्यांचे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ. आणि या वहीद खाँसाहेबांकडे आणखी कोण शिकलं होतं? आपल्या हिराबाई बडोदेकर! ज्यांनी बाईमाणसाने तिकीट लावून, प्रतिष्ठेने जाहीर मैफल करण्याची वाट आपल्याकडे घालून दिली, त्या हिराबाई. म्हणजे पुण्याच्या हिराबाई आणि लाहोरचे प्राणनाथ एका गुरूची लेकरं, प्राणनाथांचा शिष्य अमेरिकन, त्याचा मुलगा ब्रुकलिनच्या या लाहोरी मुलीला साथ करणारा. मी आपली "चाल अशी नाही" म्हणत बसले होते आणि ही चाल आमच्याच शेजारच्या आळीतून जाऊन आलेली!

पण तिने गझलेचं नेमकं केलं काय, ते थोडं सांगायला हवं, कारण नावं ठेवणारे (त्यात मीही) इथेच अडतात. नेहमीच्या गझलगायकीत गायक एकच ओळ फिरवून फिरवून म्हणतो. दर वेळी नवी हरकत, नवा अर्थ. श्रोते "वाहवा" करतात, तबला लग्गी लावतो, मग पुढचा शेर. ती मैफलीची, माणसांनी भरलेल्या खोलीची रीत आहे. अरूजने ती खोलीच रिकामी केली. शेर मोजकेच ठेवले. हरकती जवळजवळ नाहीत. एक ओळ म्हणते आणि गप्प राहते. त्या गप्प राहण्यात हार्प किंवा तुतारी हळूच काहीतरी बोलते, जॅझमध्ये एकमेकांना जागा देतात तसं. शब्द उर्दू, सुरांचं वळण आपल्याकडचं, आणि मधली जागा न्यूयॉर्कची. आपल्यानंतरही जग चालू राहणार, हे मेहदी हसन भरल्या मैफलीत सांगतात. ही मुलगी मैफल उठून गेल्यावर, सतरंज्या गुंडाळल्यावर सांगते.

लेकीकडे असताना मी इथून नेलेलं विरजण लावलं होतं. घरचंच, सासूबाईंच्या काळापासूनचं. दही लागलं छान, पण चव आपली नाही. मी तक्रार केली, तर लेक म्हणाली, "आई, दूध इथलं आहे ना!" तेव्हा मला ते उत्तर उद्धटपणाचं वाटलं होतं.

'व्हल्चर प्रिन्स'वरची सगळीच गाणी अशी जुन्या गझलांवरची नाहीत. एक गालिबची गझल आहे. एकात रूमीचे शब्द इंग्रजीतून येतात आणि त्याला चक्क वेस्ट इंडीजकडचा रेगेचा ठेका आहे. 'सांस लो' नावाच्या गाण्याचे शब्द तिच्या एका मैत्रिणीचे. ती मैत्रीण २०१८ साली गेली. आणि त्याच सुमारास, या ध्वनिमुद्रिकेचं काम चाललेलं असताना, अरूजचा धाकटा भाऊ वारला. तरुण मुलगा. ध्वनिमुद्रिका तिने त्यालाच अर्पण केली आहे. आधी ती जरा ठेक्याची, नाचरी व्हायची होती म्हणे. भाऊ गेल्यावर तिने ताल काढून टाकले आणि तारांची वाद्यं राहू दिली.

भावाचं नाव इंग्रजीत छापलेलं मी पहिल्यांदा वाचलं आणि थबकले. आपण वाचलं तर 'माहेर' असंच वाचू. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा, आपल्या माहेराशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी भाऊ गेलेल्या बाईने ध्वनिमुद्रिकेवर ते नाव लिहावं आणि मी इथे पुण्यात ते असं वाचावं! माझा पाठचा भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. माहेरच्या घराला आता दुसऱ्यांच्या नावाची पाटी आहे. ते गाणं त्या अंधारात मला का लागलं, याचा उलगडा मला ते नाव वाचल्यावर झाला. मेहदी हसन यांची गझल मी यजमानांसोबत ऐकली ती प्रेमाची म्हणून. ही मी ऐकली ती गेलेल्या माणसांची म्हणून. दोन्ही अर्थ त्या शब्दांत पहिल्यापासून होते. दुसरा मला ऐकू येत नव्हता.

त्यानंतर या मुलीचं जे कौतुक झालं ते तुमच्यापैकी काहींच्या कानावर असेलच. बराक ओबामा दर उन्हाळ्यात आपल्या आवडत्या गाण्यांची यादी प्रसिद्ध करतात. २०२१च्या यादीत 'मोहब्बत' होतं. एप्रिल २०२२मध्ये याच गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पाकिस्तानच्या कलाकाराला मिळालेलं हे पहिलं ग्रॅमी. त्याच वर्षी 'सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार' या गटातही तिचं नामांकन होतं. वय वर्षं ३७ आणि म्हणे नवोदित! इतकी वर्षं नोकऱ्या करून गात होती ती कोणी मोजलीच नाहीत. तो पुरस्कार अर्थात एकोणीस वर्षांच्या ऑलिव्हिया रॉड्रिगोला गेला. मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदा कथा छापून आलेल्या आमच्या एका मैत्रिणीला 'उदयोन्मुख लेखिका' म्हणून नारळ दिला होता, त्याची मला आठवण झाली. तिची तेव्हा पन्नाशी उलटलेली.

ज्या गटात तिला ग्रॅमी मिळालं त्याचं नाव 'जागतिक संगीत'. ते त्याच वर्षी सुरू झालं होतं. तिला असल्या कप्प्यांचा कंटाळा आहे, हे ती मुलाखतींतून बोलून दाखवते. 'सूफी गायिका' म्हणा, 'फ्यूजन' म्हणा, तिला यातलं काही मानवत नाही. खरंच आहे. ज्यांच्या गावात ती वीस वर्षं राहते, कर भरते, त्यांनी तिचं गाणं 'बाहेरचं' म्हणून वेगळ्या फडताळात ठेवायचं, आणि आपण इकडच्यांनी 'बिघडवलेलं' म्हणून नाक मुरडायचं. मग तिने उभं राहायचं तरी कुठे? बाकी नाक मुरडायला आणखीही जागा आहेत हो. रंगमंचावर ती काळ्या कपड्यांत, हातात वाइनचा पेला घेऊन उभी असते आणि दोन गाण्यांच्या मधे कोरडे विनोद करते. इतकं दुःखाचं गाऊन लगेच विनोद कसा सुचतो, असं मला वाटलं होतं. मग आठवलं, तेराव्याच्या पंगतीतही कोणीतरी हसवणारं असतंच.

तिचं सगळंच मला आवडलं असं मात्र समजू नका. २०१८ची 'सायरन आयलंड्स' नावाची ध्वनिमुद्रिका आहे. तीत नुसते लांबच लांब तरंगणारे विजेच्या वाद्यांचे आवाज. ती माझ्या डोक्यावरून गेली. लेक म्हणते, हळूहळू कळेल. बघू. २०२३ची 'लव्ह इन एक्झाइल' बरी उमगली. तीत पियानोवर विजय अय्यर, तमिळ आईवडिलांचा अमेरिकेत वाढलेला मुलगा, आणि सोबतीला शहजाद इस्माइली, त्यांचे आईवडील पाकिस्तानी. तिघं मिळून आयत्या वेळी सुचेल तसं वाजवत, गात जातात. आपल्याकडच्या जुगलबंदीसारखं, पण चढाओढ नाही.

आणि २०२४ची 'नाइट रेन'. ती मात्र मिळवून ऐकाच. तीत एक गाणं आहे 'रात की रानी', आपली रातराणी. पण मी सांगते आहे ते दुसऱ्याच कारणाने. या ध्वनिमुद्रिकेत तिने महलका बाई चंदा यांच्या गझला गायल्या आहेत. नाव ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं. अठराव्या शतकातल्या या दख्खनच्या कवयित्री. जन्म १७६८चा, आणि तो आपल्या तेव्हाच्या औरंगाबादचा सांगतात. पुढे हैदराबादला निजामाच्या दरबारी त्यांना मोठा मान होता. उर्दू गझलांचा स्वतःचा दिवाण मागे ठेवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. तो छापला गेला १८२४ साली, त्या गेल्या त्याच वर्षी. आपल्या मराठवाड्याच्या मातीतली बाई, दोनशे वर्षं आपण तिची आठवण काढली नाही, आणि तिचे शब्द सौदीत जन्मलेली, लाहोरात वाढलेली मुलगी ब्रुकलिनमध्ये गाते!

ज्यांना ऐकून बघायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी स्वानुभवाने सांगते. पहिलं म्हणजे हे गाणं कामाच्या गर्दीत लावायचं नाही. कुकरच्या शिट्टीत, मिक्सरच्या घरघरीत ते सापडतच नाही आणि मग 'यात आहे काय?' असं वाटतं. रात्री ओटा पुसून झाला, झाकपाक झाली, दिवा मालवला की लावा. नातवंडांकडून कानात घालायची ती बोंडं मागून घ्या. दुसरं, आधी मेहदी हसन ऐकून मग हे ऐकायचं, असं करू नका. मी ते केलं आणि दोन्हींची तुलना करण्यात दोन संध्याकाळी फुकट घालवल्या. वेगवेगळ्या दिवशी ऐका. सुरुवात 'मोहब्बत'पासून नको वाटली तर 'उधेडो ना'पासून करा. ते तिच्या विद्यार्थिदशेतलं जुनं गाणं. २०२२ साली तिने ते पुन्हा बाहेर काढलं, आणि त्यात सतार आहे पंडित रविशंकरांच्या कन्येची, अनुष्का शंकर यांची. नावाचा अर्थ शिवणकाम करणारीला लगेच कळेल : उसवू नकोस.

तर असं सगळं वाचून-ऐकून झाल्यावर परवा मी लेकीला फोन लावला. आपल्याकडे रात्रीचे अकरा, तिकडे दुपारचे दीड. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हटलं, "ते गाणं ऐकलं बरं का मी. पुरतं ऐकलं." ती "हं" म्हणाली. मी म्हटलं, "आता तिला झोपवायची वेळ झाली असेल ना? म्हण की पाळणा."

ती जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "आई, हे बाहेर गेलेत. गिटार नाहीये."

"कधी येतात?"

"तासाभरात येतील. पण तुझ्याकडे बारा वाजतील गं."

"वाजू देत," मी म्हटलं. "ते आले की कर फोन. मी जागीच आहे, मेथी निवडायची आहे."